ऑक्टोबरचा बॉम्ब आणि सप्टेंबरची मतपत्रिका

२० ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'ट्रुथ' या दैनिकाने एक पत्र छापलं. अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफिल्ड यांनी ते मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या एच. एल. मोरी नावाच्या गृहस्थांना लिहिलं होतं, असा दावा होता. मजकूर थोडक्यात असा : मजूर जिथे स्वस्त मिळतील तिथून घेण्याचा मालकांना हक्क आहे आणि कारखानदारांच्या हिताची सोय लागेपर्यंत चिनी मजुरांच्या येण्याला आडकाठी करू नये. कॅलिफोर्नियात तेव्हा चिनी मजुरांविरुद्धचा राग रस्त्यावर उतरलेला होता. मतदानाला तेरा दिवस उरले होते.

गारफिल्ड यांनी लगेच इन्कार केला नाही. आपल्या कचेरीतल्या कुणी आपल्या नावाने असं काही पाठवून तर दिलं नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी, असं त्यांना वाटलं. सभ्य माणसाची ही सावधगिरी महागात पडली. पत्राची हुबेहूब प्रतिमा छापली गेली आणि डेमोक्रॅटिक पक्षाने तिच्या प्रती देशभर वाटल्या. पत्र बनावट असल्याचं गारफिल्ड यांनी जाहीर केलं, मोरी नावाचा कुणी गृहस्थ शोधूनही सापडेना, तरी गोंधळ शमला नाही. ३१ ऑक्टोबरला डेन्व्हर शहरात जमाव चिनी वस्तीवर तुटून पडला आणि एका चिनी माणसाचा जीव गेला. २ नोव्हेंबरला मतदान झालं. देशभरातल्या सुमारे नव्वद लाख मतांमध्ये गारफिल्ड यांची आघाडी दहा हजारांच्याही आत राहिली. ते अध्यक्ष झाले, पण कॅलिफोर्निया दीडशेपेक्षा कमी मतांनी हातचा गेला.

पत्र बनवणाऱ्याचं खरं कसब हस्ताक्षराच्या नकलेत नव्हतं, ते तारीख निवडण्यात होतं. तार आणि रेल्वेच्या जोरावर आरोप आठवड्याभरात पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचेल, मात्र त्याची शहानिशा होऊन लोकांना ती पटेपर्यंत मतपेट्या बंद झालेल्या असतील, हा त्याचा हिशोब होता. सगळा देश कोणत्या दिवशी मत देणार, हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय असा हिशोब मांडता येत नाही. आणि तो दिवस अमेरिकेत पहिल्यापासून ठरलेला नव्हता.

एका मंगळवारचा कायदा

१७९२ च्या कायद्याने राज्यांना चौतीस दिवसांची मुदत दिली होती. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी राज्याराज्यांतले, अध्यक्ष निवडणारे निर्वाचक मत द्यायचे. त्याआधीच्या चौतीस दिवसांत प्रत्येक राज्याने आपले निर्वाचक आपल्या सोयीच्या दिवशी निवडायचे. अशा पद्धतीची शेवटची निवडणूक १८४४ सालची. ती १ नोव्हेंबरला सुरू झाली आणि ४ डिसेंबरला संपली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ एवढं चाललेल्या आपल्या देशात याचं नवल वाटायला नको.

टप्प्याटप्प्याच्या मतदानाचे दोष अमेरिकेत लवकर दिसले. एका राज्याचा कल कळला की पुढच्या राज्यातली हवा फिरायची. या राज्यात मत देऊन त्या राज्यात पुन्हा मत द्यायला माणसं नेली जातात, अशी ओरड दोन्ही बाजूंनी व्हायची. अफवांना तर महिनाभर रान मोकळं मिळे. १८४४ मध्येच न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने 'बॅरन फॉन रूरबाक' नावाच्या प्रवाशाच्या पुस्तकातला म्हणून एक उतारा छापला. डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स पोक यांच्या नावाची आद्याक्षरं डागलेले गुलाम या प्रवाशाने पाहिले, असं त्यात होतं. असा बॅरनही नव्हता आणि असं पुस्तकही. एका खऱ्या प्रवासवर्णनातला मजकूर उचलून त्यात हे वाक्य घुसडलं होतं. उतारा उन्हाळ्याच्या शेवटी आला, त्यामुळे मतदानाआधी खोटेपणा उघड करायला वेळ मिळाला आणि पोक निवडून आले.

२३ जानेवारी १८४५ रोजी काँग्रेसने सगळ्या राज्यांसाठी एकच दिवस ठरवला : नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तोवर सुगी आटोपलेली असते आणि रस्ते अजून बर्फाखाली गेलेले नसतात. रविवार चर्चचा, बुधवार बऱ्याच ठिकाणी बाजाराचा, मधला मंगळवार मोकळा. एकाच दिवशी सगळ्यांनी मत द्यायचं म्हणजे सगळ्यांनी साधारण तेवढीच माहिती घेऊन मत द्यायचं. हा या कायद्याचा मोठा गुण. दोष असा की त्याने 'शेवटचा आठवडा' नावाची एक मोक्याची जागा तयार केली. पुढची दीडशेक वर्षं अमेरिकी राजकारणातले धूर्त लोक या जागेवर दबा धरून बसले.

शेवटच्या आठवड्याचं शतक

१८८४ ची लढत रिपब्लिकन जेम्स ब्लेन आणि डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्यात झाली. क्लीव्हलंड यांच्या अनौरस अपत्याची बातमी जुलैत आली होती. त्यांनी खरं ते सांगून टाका असं आपल्या माणसांना कळवलं आणि नोव्हेंबरपर्यंत लोकांचं त्यावर बोलून झालं. ब्लेन यांचं संकट मात्र २९ ऑक्टोबरला आलं. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पाद्र्यांच्या मेळाव्यात सॅम्युएल बर्चर्ड या धर्मोपदेशकाने डेमोक्रॅटिक पक्षाला दारू, रोमन पंथ आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटलं. समोर बसलेल्या ब्लेन यांनी त्याला हरकत घेतली नाही. विरोधकांचा लघुलेखक तिथे हजर होता. रविवारपर्यंत हे शब्द आयरिश कॅथलिक वस्त्यांत पोचले होते. मंगळवारी न्यूयॉर्क राज्य अकराशेच्या आसपास मतांनी गेलं आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

बर्चर्ड यांची जीभ घसरली होती. चार वर्षांनी ठरवून सापळा लावला गेला. कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावच्या जॉर्ज ऑस्गुडबी या रिपब्लिकन गृहस्थाने 'चार्ल्स मर्चिसन' हे नाव घेऊन ब्रिटिश राजदूत लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट यांना पत्र लिहिलं : मी मूळचा इंग्रज, मत कुणाला द्यावं? राजदूतांनी भाबडेपणाने उत्तर दिलं आणि त्यातून त्यांचा कल क्लीव्हलंड यांच्याकडे असल्याचं दिसलं. हा पत्रव्यवहार सप्टेंबरात झाला. छापला गेला ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात. मधले आठवडे ते पत्र कुणाच्या तरी खणात होतं, आणि इंग्रजांचा उमेदवार हा शिक्का आयरिश मतदारांच्या डोळ्यांसमोर कधी यावा याचा विचार चालू होता. राजदूतांना देश सोडावा लागला. क्लीव्हलंड यांना देशात जास्त मतं मिळूनही न्यूयॉर्क गेलं आणि त्यांचं पद गेलं.

विसाव्या शतकात सत्तेवर असलेलेही हे तंत्र वापरू शकतात, हे दिसलं. ३१ ऑक्टोबर १९६८ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवल्याची घोषणा केली. मतदान ५ नोव्हेंबरला होतं. २६ ऑक्टोबर १९७२ ला अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी व्हिएतनाममध्ये शांतता हाताशी आल्याचं सांगितलं. १९८० मध्ये तेहरानमधल्या वकिलातीत बावन्न अमेरिकी ओलीस होते. अध्यक्ष जिमी कार्टर ऐन वेळी त्यांची सुटका घडवून आणतील, अशी धास्ती रॉनल्ड रेगन यांच्या गोटाला होती. त्यांचे प्रचारप्रमुख विल्यम केसी यांनी पत्रकारांना आधीच सावध करून ठेवलं, आणि त्यांनी वापरलेला 'ऑक्टोबर सरप्राइज' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. सरप्राइज काही आलं नाही. मतदान ४ नोव्हेंबरला, म्हणजे वकिलात ताब्यात घेतली गेली त्याला बरोबर वर्ष होत असताना झालं. ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, रेगन यांच्या शपथविधीच्या दिवशी. ही सुटका रेगन यांच्या माणसांनीच लांबवली, असा उलटा आरोप पुढे वर्षानुवर्षं होत राहिला. प्रतिनिधीगृहाच्या चौकशी पथकाने त्याला विश्वासार्ह पुरावा नसल्याचं १९९३ मध्ये सांगितलं.

१९९२ मध्ये मतदानाला चार दिवस असताना इराण-काँट्रा प्रकरणात माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यावर नवा आरोप दाखल झाला. त्यातल्या नोंदींनी अध्यक्ष असलेल्या थोरल्या जॉर्ज बुश यांना अडचणीत आणलं. २००० मध्ये धाकट्या बुश यांना १९७६ साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली अटक मतदानाला पाच दिवस राहिले असताना मेन राज्यातल्या एका स्थानिक वाहिनीने उघड केली. चोवीस वर्षं जुनी गोष्ट, आणि तीही खरी. पण बाहेर यायला तिने नेमका शेवटचा गुरुवार गाठला. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या धमाक्यांपैकी तो एक म्हणायला हवा, कारण तोपर्यंत मंगळवार सैल होऊ लागला होता.

मंगळवार सैल होतो

मतदानाच्या दिवसाआधी मत देण्याची सोय अमेरिकेत यादवी युद्धाइतकी जुनी आहे. १८६४ मध्ये बहुतेक उत्तरी राज्यांनी रणांगणावरच्या सैनिकांना मत देता येईल अशी तजवीज केली होती. पुढे आजारी आणि परगावी असलेल्यांनाही टपालाने मत देता येऊ लागलं, पण कारण सांगावं लागे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाने कारणाची अट काढून टाकली. मागेल त्याला टपाली मतपत्रिका.

या सोयीचा राजकीय उपयोग पक्षांच्या ध्यानात यायला चार वर्षं लागली. १९८२ मध्ये लॉस एंजलिसचे महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. मतदानाच्या दिवशी केंद्रांवर पडलेल्या मतांत ते पुढे होते, बाहेर पडणाऱ्या मतदारांच्या चाचण्याही तेच सांगत होत्या. टपाली मतं मोजली गेली आणि रिपब्लिकन जॉर्ज ड्यूकमेजियन निवडून आले. त्यांच्या पक्षाने आपल्या मतदारांच्या घरोघरी टपाली मतपत्रिकेचे अर्ज आधीच धाडले होते. ब्रॅडली जिंकले ते मंगळवारी, आणि निवडणूक मंगळवारपुरती उरली नव्हती.

नंतर एकेक राज्य या वाटेने गेलं. टेक्सासने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मतदान केंद्रं आधीच उघडायला सुरुवात केली. ऑरेगनने १९९६ च्या जानेवारीत सिनेटची पोटनिवडणूक टपालाने घेतली, १९९८ मध्ये जनमताने हीच पद्धत कायम केली आणि २००० मध्ये अध्यक्षपदासाठी सगळ्या राज्याचं मतदान टपालाने झालं. त्याच वर्षीच्या फेरमोजणीत होरपळलेल्या फ्लोरिडाने २००४ पर्यंत आगाऊ मतदान सुरू केलं. २००९ च्या केंद्रीय कायद्याने परदेशी असलेल्या सैनिकांना आणि नागरिकांना मतपत्रिका निदान ४५ दिवस आधी रवाना करणं बंधनकारक केलं. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात देशभर मतपत्रिका टपालात पडायलाच हव्यात. नॉर्थ कॅरोलायनात तर ६० दिवस आधी. १८४५ चा कायदा मोडला, अशी तक्रार घेऊन काही लोक टेक्सासविरुद्ध न्यायालयात गेले. निवडणूक पूर्ण त्या मंगळवारीच होते, मतं आधी घेतली म्हणून काही बिघडत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने २००० साली दिला. १९९२ मध्ये दर शंभरातले सातच्या आसपास मतदार आधी मत देत. २०१६ मध्ये चाळीस.

लांबलेल्या मतदानाचा पहिला लक्षणीय झटका वृत्तपत्रांना बसला. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नरला परत बोलावण्याची निवडणूक होती आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर आघाडीवर होते. मतदानाला पाच दिवस असताना 'लॉस एंजलिस टाइम्स'ने त्यांच्या गैरवर्तनाबद्दल अनेक स्त्रियांच्या तक्रारी छापल्या. टपाली मतांचे गठ्ठे तोवर येऊन पडले होते. वाचक वृत्तपत्रावरच भडकले, अनेकांनी अंक बंद केला. आठवड्यांच्या तपासानंतर बातमी तयार झाली तेव्हा छापली, हे संपादकांचं स्पष्टीकरण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. ज्यांची मतं पडून गेली होती त्यांना ही बातमी निरुपयोगी होती, ज्यांची उरली होती त्यांना ती घात वाटली. श्वार्झनेगर आरामात निवडून आले.

आगाऊ मतदाराचं नेमकं काय निसटतं, याचं मोजमाप २००८ च्या प्राथमिक फेरीने दिलं. कॅलिफोर्नियाचं मतदान ५ फेब्रुवारीला होतं आणि डेमोक्रॅटिक इच्छुक जॉन एडवर्ड्स यांनी ३० जानेवारीला माघार घेतली होती. ज्या लहान मतदान विभागांत सगळ्यांना टपालानेच मत द्यावं लागतं तिथे माघार घेतलेल्या उमेदवारांना जास्त मतं पडलेली मार्क मेरेडिथ आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांना आढळली. शर्यतीत नसलेल्या घोड्यावर लावलेले ते पैसे होते. पाकीट आधी गेलं आणि बातमी मागून आली.

अकरा दिवस आणि एक संध्याकाळ

२०१६ च्या ७ ऑक्टोबरचा शुक्रवार अमेरिकी पत्रकार विसरणार नाहीत. दुपारी सरकारने जाहीर केलं की डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल फोडण्यामागे रशिया आहे. थोड्याच वेळात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने डोनाल्ड ट्रम्प यांची २००५ सालची, स्त्रियांबद्दल अत्यंत गलिच्छ बोलणारी ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. त्यानंतर तासाभरात विकीलीक्सने हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे ईमेल बाहेर काढायला सुरुवात केली. सरकारच्या निवेदनाकडे त्या संध्याकाळी कुणाचं लक्ष राहिलं नाही. मिनेसोटा आणि आयोवात मतदान सुरू होऊन आठवडा उलटला होता.

पुढचा धक्का २८ ऑक्टोबरचा. क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना वापरलेल्या खासगी ईमेलच्या चौकशीसंबंधी नवं साहित्य सापडल्याचं एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी काँग्रेसला कळवलं. ८ नोव्हेंबरला अकरा दिवस होते आणि दीड कोटीहून अधिक मतं पडून गेलेली होती. ट्रम्प यांनी ही संधी ओळखली. आपण दिलेल्या मताचा पश्चात्ताप होत असेल तर विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटात ते बदलता येतं, असं त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या सभेत १ नोव्हेंबरला सांगितलं. ६ नोव्हेंबरला कोमी यांनी नव्या साहित्यात काही निघालं नसल्याचं कळवलं, पण मधल्या नऊ दिवसांत कितीतरी लोक मत देऊन मोकळे झाले होते. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ऐंशी हजारांच्या आत मतांनी फिरली.

कोमी यांच्यावर टीका करताना सगळे एका अलिखित संकेताचा हवाला देत होते : निवडणुकीआधीच्या साठ दिवसांत न्याय विभागाने मतदारांवर परिणाम करणारं उघड पाऊल उचलू नये. २०१६ मध्ये हे साठ दिवस ९ सप्टेंबरला सुरू होत होते. नॉर्थ कॅरोलायनाने मतपत्रिका पाठवायला सुरुवात केली तीही त्याच दिवशी. निवडणुकीपूर्वीचा शांततेचा काळ म्हणून जो संकेत पाळायचा, तोच काळ निवडणुकीचा होऊन बसला होता.

मतदानाच्या तारखेआधीच खरी निवडणूक होऊन गेली म्हणजे काय होतं, हे २०१७ मध्ये मोंटाना राज्याने दाखवलं. प्रतिनिधीगृहाच्या एका जागेची पोटनिवडणूक २५ मेला होती. आदल्या संध्याकाळी रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांना 'गार्डियन'चे पत्रकार बेन जेकब्स यांनी आरोग्य विधेयकाबद्दल प्रश्न विचारला आणि उमेदवाराने त्यांना जमिनीवर आपटलं. ध्वनिमुद्रण काही तासांत देशभर ऐकलं गेलं. फॉक्सच्या पत्रकारांनी डोळ्यांदेखत पाहिलं होतं. शेरीफने रात्रीच मारहाणीचा गुन्हा नोंदवला. राज्यातल्या तीन मोठ्या वृत्तपत्रांनी जियानफोर्टे यांना दिलेला पाठिंबा काढून घेतला. याहून ताजा, याहून पक्का पुरावा असलेला गौप्यस्फोट कुणी मागून मिळाला नसता. पण अडीच लाखांहून अधिक मतं टपालाने आलेली होती, एकूण मतदानाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त. मत बदलता येईल का, अशी विचारणा करणाऱ्यांना नाही म्हणून सांगावं लागलं. जियानफोर्टे सहा टक्क्यांच्या आसपास आघाडीने जिंकले. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला, समाजसेवेची शिक्षा भोगली आणि काही वर्षांनी ते मोंटानाचे गव्हर्नर झाले.

यावरून शेवटच्या आठवड्यातला धमाका मेला, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आधी मत देणारे बहुतेक जण पक्षाचे बांधील लोक असतात. त्यांना ऑक्टोबरमधली कोणतीही बातमी हलवणार नव्हती. शेवटपर्यंत थांबतात ते काठावरचे, आणि चुरशीच्या राज्यात निकाल तेच लावतात. शिवाय अनेक राज्यांत कुणाची मतपत्रिका परत आली याची यादी पक्षांना रोज मिळते. मत दिलं की फोन बंद होतात, दारावरची कार्यकर्त्यांची थाप बंद होते आणि सगळा पैसा उरलेल्यांवर लागतो. कोमी यांचं पत्र पडून गेलेल्या मतांना हात लावू शकलं नाही. उरलेल्या मतांवर त्याचा मारा मात्र नेमका झाला.

तारीख हलली, तसे गौप्यस्फोटही हलले

२०२० मध्ये साथीमुळे टपाली मतदान देशभर फोफावलं. दहा कोटींहून अधिक लोकांनी, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी आधीच मत दिलं. त्या वर्षी सगळ्याच गोष्टी अलीकडे सरकल्या. १८ सप्टेंबरला मिनेसोटा आणि व्हर्जिनियात केंद्रांवर रांगा लागल्या आणि त्याच संध्याकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. ट्रम्प यांच्या कराच्या कागदपत्रांची 'न्यूयॉर्क टाइम्स'ची बातमी २७ सप्टेंबरला आली. १४ ऑक्टोबरला 'न्यूयॉर्क पोस्ट'ने डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपची बातमी दिली, ट्विटरने तिचा दुवा रोखला आणि त्या रोखण्याचाच मोठा वाद झाला. तोवर एक कोटीहून अधिक मतं पडलेली होती. २२ ऑक्टोबरच्या शेवटच्या वादचर्चेपर्यंत साडेचार कोटींच्या आसपास.

२०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बातमीची वेळ आणि मतपत्रिकेची वेळ अक्षरशः एकमेकींना खेटून आल्या. गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार मार्क रॉबिन्सन यांनी एका अश्लील संकेतस्थळावर पूर्वी लिहिलेल्या मजकुराची बातमी सीएनएनने १९ सप्टेंबरला दिली. रॉबिन्सन यांनी तो मजकूर आपला नसल्याचं सांगितलं. उमेदवारी मागे घेण्याची मुदत त्याच रात्री संपत होती आणि सैनिकांच्या, त्या वर्षी लांबलेल्या मतपत्रिका दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. ते उभे राहिले आणि मोठ्या फरकाने हरले. पूर्वीच्या काळी ही बातमी ऑक्टोबरच्या शेवटी आली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं.

आगाऊ मतदानाने सर्वांत मोठी उलथापालथ घडवली ती वादचर्चेच्या तारखेतून. २०२० मध्येच ट्रम्प यांच्या गोटाने पहिली चर्चा लवकर घ्या, तोवर लाखो लोक मत द्यायला लागलेले असतील, असं लिहून दिलं होतं. या चर्चा भरवणाऱ्या वादचर्चा आयोगाने ते फेटाळलं. २०२४ साठी आयोगाने सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच्या तारखा ठरवल्या. या वेळी तीच तक्रार जो बायडन यांच्या गोटाने केली : चर्चा संपेपर्यंत मतदान कितीतरी पुढे गेलेलं असतं. त्यांनी आयोगाला बाजूला सारलं, ट्रम्प तयार झाले आणि २७ जूनला अटलांटामध्ये चर्चा झाली. अध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांची इतक्या लवकर झालेली ही पहिलीच चर्चा. बायडन यांचं अडखळणं, वाक्य अर्ध्यात हरवणं देशाने दीड तास पाहिलं. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कमला हॅरिस उमेदवार झाल्या. हीच चर्चा ऑक्टोबरात झाली असती तर लाखो मतपत्रिका बायडन यांच्या नावाने भरून परत आलेल्या असत्या आणि उमेदवार बदलण्याची वाट बंद झाली असती. त्या निवडणुकीतला सर्वांत मोठा उलगडा मतदानाच्या चार महिने आधी झाला, तो मतदान लवकर सुरू होतं म्हणून.

धमाक्याच्या वेळेचं गणित गॅब्रिएल ग्रॅटन, रिचर्ड होल्डन आणि अँटन कोलोटिलिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मधल्या एका निबंधात मांडलं. पक्का माल हाती असलेल्याला लवकर बोलणं परवडतं, कारण जितकी छाननी होईल तितका त्याचा आरोप बळकट होतो. कच्चा माल असलेला उशीर करतो, म्हणजे छाननीला वेळ उरत नाही. लोकांनाही हे कळतं, म्हणून उशिरा आलेल्या आरोपावर त्यांचा विश्वास आधीच कमी असतो. मोरीच्या बनावट पत्रापासून हा नियम चांगला लागू पडतो. पण हे गणित एका शेवटच्या तारखेभोवती उभं आहे. ती तारीख पंचेचाळीस दिवसांत विरघळली की बनावट पत्रवाल्याची हक्काची वेळ जाते, कारण कोणत्याही दिवशी काही मतदार आधीच निसटलेले असतात आणि उरलेल्यांपाशी खोटं उघडं पाडायला दिवस असतात. प्रामाणिक बातमीदारालाही मात्र तीच किंमत मोजावी लागते.

यावर तोड काढलेले देश आहेत. स्वीडनमध्ये आधी मत दिलेल्या माणसाला निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर जाऊन ते बदलता येतं. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून दिलेलं मत पुन्हा देता येतं आणि शेवटचं धरलं जातं. आपल्याकडे आगाऊ मतदान थोडक्यांनाच आहे, पण टप्प्यांमुळे प्रश्न तोच उभा राहतो. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांची प्रचारबंदी आपण त्या त्या टप्प्यापुरती पाळतो. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या हासनचे खासदार आणि उमेदवार प्रज्वल रेवण्णा यांच्याविरुद्धच्या, लैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या चित्रफितींचे पेनड्राइव्ह तिथे मतदानाच्या तोंडावर फिरू लागले. हासनने २६ एप्रिलला मत दिलं. विशेष तपास पथक, पक्षातून निलंबन, देशभर गाजावाजा हे सगळं त्यानंतरच्या दिवसांत झालं, आणि ते ऐकून-वाचून मत दिलं ते ७ मेला बेळगावसह उत्तर कर्नाटकाने. ज्यांच्या खासदाराचा प्रश्न होता त्यांच्यापेक्षा शेजारच्यांना जास्त माहिती मिळाली. हासनने तरीही रेवण्णांना पाडलं.

आगाऊ मतदान मागे घ्यावं, असं यातून निघत नाही. पाळीवर जाणारी परिचारिका, समुद्रावरचा खलाशी, व्हीलचेअरवरचा म्हातारा यांचं मत पडणं हे कुणाच्या गौप्यस्फोटाच्या सोयीपेक्षा मोलाचं आहे. १८४५ च्या काँग्रेसने सगळ्या देशाला एकच शेवटचा क्षण दिला होता, तो आता राहिलेला नाही, एवढं मान्य करून चालायला हवं. तपास यंत्रणांचा साठ दिवसांचा संकेत पहिली मतपत्रिका निघते त्या दिवसापासून मागे मोजायला हवा. वादचर्चा त्याआधी व्हायला हव्यात. आणि संपादकांपुढे एकच साधा नियम उरतो : तपासून झालं की छापायचं, मग तो ऑगस्ट असो की मतदानाचा आदला दिवस. त्याखेरीजची प्रत्येक वेळ कुणाच्या तरी सोयीची असते.